मागच्या गोदामातल्या बायका

धर्माबाद
१७ जानेवारी २०२५

तनुजाक्का,

सालेहाचा सलाम. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. परवा तुझ्या भावजयीनं उचलला, 'त्या मेसवर पोळ्या लाटायला गेल्यात' म्हणाली, आणि मागून तुझाच आवाज येत होता. असू दे. पत्र तरी तू मधेच बंद करणार नाहीस. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेले ते आज कामाला आलं.

सीझन लागला. लाल मिरची येऊन राहिली आहे, अडतीच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. तू लातूरला गेल्यावर देठ खुडणाऱ्या बायकांची मुकादम कोण, यावर बराच घोळ चालला. शेवटी शिवलिंगअप्पांनी मला बोलावलं. 'सालेहाबी, आता टोळी तुमी सांभाळा.' मी मागायला गेले नव्हते. सरजाबाई म्हणाली, 'घे माय. दुसरी कोणी झाली तर माझ्यासारख्या म्हातारीला आधी घरी बसवंल.' म्हणून हो म्हणाले. तुझ्या जागेवर बसताना मला आनंद झाला नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. जायच्या आधी तू नांदेडला जो अर्ज देऊन गेलीस तो लागला. हमालांची माथाडी मंडळात नोंद असते तशी आम्हा बायकांचीही करा, असं लिहिलं होतंस ना, त्यावरून मंडळाचे साहेब स्वतः बघायला आले. ज्या बायका काम करताना दिसतील त्यांची नावं लिहून घेणार. नाव लागलं की मालकाला मजुरीवर मंडळात वरचा भरणा करावा लागतो, त्यातून दवाखाना, फंड, म्हातारपणाची सोय. हमालांना हे सगळं आहे. त्यांनी आणून टाकलेलीच मिरची आम्ही खुडतो.

साहेब सकाळच्या रेल्वेनं आले. अप्पांचा ड्रायव्हर बजरंग स्टेशनवर चहा पीत बसलेला असतो, त्यानं तिथूनच फोन केला. अप्पा ओट्यावर आले. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नाहीत.

'बायांनो, साहेब येऊन राहिलेत. घाबरायचं काही न्हाई. तुमी जरा मागच्या गोदामात बसा. ते गेले की चहा सांगतो.'

आम्ही सगळ्या उठलो आणि आत गेलो. अण्णाराव दिवाणजीनं बाहेरून शटर ओढलं. अंधारात रत्नम्मा तिच्या तेलुगू-मराठीत काहीतरी बोलली आणि आम्ही तोंडात पदर धरून हसत बसलो, शाळेत मास्तर यायच्या आधी लपायचो तसं. साहेबांना हमाल दिसले, मिरचीचे ढीग दिसले, बाई एक पण दिसली नाही. गेल्यावर अप्पांनी चहा दिला, सोबत भजी.

तू असतीस तर बाहेरच बसून राहिली असतीस, हे मला माहीत आहे. अप्पा म्हणतात, 'मी एकट्यानं नोंद केली तर बाजूच्या अडतीपेक्षा माझा खर्च वाढला. शेतकरी माल तिकडं नेतो. मग तुमाला काम कुठून देऊ?' यात खोटं काय आहे, ते तूच सांग.

उत्तर अडतीच्या पत्त्यावर पाठव. आमच्या गल्लीत पोस्टमन येत नाही.

सालेहा


धर्माबाद
९ फेब्रुवारी

तनुजाक्का,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण इथं हे कोणाशी बोलता येत नाही.

साहेब पुन्हा येऊन गेले. या वेळेला हसू आलं नाही. मागच्या गोदामाला वरच्या बाजूला झरोका होता, आठवतो? कबुतरं यायची त्यातून. अप्पांनी त्याच्यावर प्लायवूड ठोकून घेतलं. म्हणाले, उजेडानं मिरचीचा रंग उडतो. रंग उडतो हे खरं, पण त्या गोदामात जुन्या पोत्यांशिवाय काही नसायचं. आता त्यांनी मिरची पण तिथंच टाकायला सुरुवात केली आहे. आणि शटरला कुलूप. पहिल्या वेळेला कुलूप नव्हतं. मी अण्णारावांना विचारलं, कुलूप कशाला? ते म्हणाले, 'वाऱ्यानं शटर वाजतं.' वारा नव्हता.

सरजाबाईच्या छातीत थंडीपासून भरलंय. आत बसल्याबरोबर तिला ठसका लागला. बाहेर साहेबांचे बूट वाजत होते. ते विचारत होते, 'मागं काय आहे?' आणि अप्पा सांगत होते, 'जुनी पोती, साहेब.' कोणीतरी सरजाबाईच्या तोंडावर पदर दाबून धरला. ते जाईपर्यंत धरला. नंतर ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. मी तिला पाणी दिलं. 'काही न्हाई झालं माय,' म्हणाली, 'उगं डोळ्यापुढं काळं आलं.'

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्चीवर बसवलं. मला त्या खुर्चीवर बसायची सवय नाही. म्हणाले, 'काल आतून आवाज आला. साहेबांना वाटलं, मांजर असंल. पुढच्या वेळेला मांजर नको.' आणि मग लगेच, त्याच आवाजात, 'तुमची कहकशां कॉलेजला जाते ना? कॉम्प्युटर येतो म्हणे. तिला इथं बिलं करायला पाठवा. आपलीच पोरगी हाय. समोर बसंल, पंख्याखाली.'

मी काय म्हणणार होते? कहकशांचे अब्बा गेल्यापासून तिची फी कशी भरते हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत नाही. शिवाय पोरीनं देठ खुडू नये म्हणूनच तर मी खुडत आले. आता ती रोज समोरच्या टेबलावर बसते. नवा ड्रेस शिवला तिनं. फोन मात्र आल्या आल्या अण्णारावांकडं ठेवावा लागतो, जाताना परत देतात.

मी पाठ करून बसते, तरी ती मला दिसत राहते.

एखादी ओळ तरी लिही.

सालेहा


धर्माबाद
४ मार्च

तनुजाक्का,

तुझं पत्र मिळालं. आधी अप्पांना मिळालं, मग मला. पाकीट फाडलेलं होतं. त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'चुकून फुटलं बघा. तनुजाबाईंना आमचा नमस्कार कळवा. भावाकडंच असतात ना, मेसच्या वरच्या मजल्यावर?'

तुझं पत्र मी नीट वाचलं. मेसच्या वरच्या मजल्याचं तू त्यात कुठंच लिहिलेलं नाहीस.

यापुढं अडतीच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. रत्नम्माच्या दिराचं पंक्चरचं दुकान आहे रेल्वे गेटाजवळ, तिथं पाठव.

तू लिहितेस, सगळ्या एकदम बाहेर बसा, एकीला काढतील, सगळ्यांना काढणार नाहीत. अक्का, तुला एकटीला काढलं तेव्हा आमच्यातली एक तरी उठली का? मग आता माझ्यासाठी कोण उठेल? तू रागावू नकोस, मी मोजून मापून बोलत नाही. रोजे चालू आहेत, घसा कोरडा असतो आणि दिवसभर मिरचीची धूळ. थुंकी पण येत नाही. सरजाबाई म्हणते, 'तू घरी बस, मी तुझं खुडते.' आणि स्वतः तिला श्वास पुरत नाही. तिला विचारलं की डॉक्टरला दाखवलं का, तर म्हणते, 'नोंद झाली की फुकट दाखवीन.' तुझा अर्ज लागणार यावर तिचा लई भरोसा आहे. आम्हाला नाही एवढा.

एक गोष्ट मात्र ऐक. तू साहेबांना अडतीवर कळू न देता, अचानक पाठवते म्हणालीस. ते करू नकोस. रेल्वेनं येतात तेव्हा निदान आम्हाला आत जाऊन नीट बसायला वेळ मिळतो, पाण्याची घागर घेऊन जाता येते. अचानक आले तर गडबडीत काय होईल ते सांगता येत नाही. कहकशां समोर बसलेली असते. साहेब आधी तिलाच विचारणार.

मी तुझ्या पाया पडते. अचानक नको.

सालेहा


धर्माबाद
२५ मार्च

तनुजाक्का,

सरजाबाई गेली. तुला कळलंच असेल.

जीप तू सांगून पाठवलीस का, हे मी विचारणार नाही. ती स्टेशनकडून आली नाही, बिलोलीच्या रस्त्यानं सरळ अडतीच्या दारात आली. बजरंग तिकडं स्टेशनवर चहा पीत होता. गल्लीच्या तोंडाशी कोण्या हमालानं जीपवरची पाटी बघितली आणि ओरडला. अण्णाराव पळत आले. 'उठा, उठा, आत.' पाण्याची घागर ओट्यावरच राहिली. सरजाबाईला मीच दंडाला धरून उठवलं.

त्याच सकाळी गुंटूरकडची तिखट मिरची मागच्या गोदामात सुटी ओतली होती. शटर पडलं आणि वरची धूळ सगळी उठली. डोळे उघडता येईनात. सगळ्यांनी तोंडात पदर कोंबले. आम्हाला वाटलं, साहेब नेहमीसारखे बघतील आणि जातील. पण ते समोर खुर्ची घेऊन बसले. आज थांबणार आहे म्हणाले. अप्पा चहा मागवत होते, साहेब नको म्हणत होते, हे सगळं आम्हाला आत ऐकू येत होतं.

सरजाबाईला ठसका लागला. मी तिचं तोंड दाबलं. फेब्रुवारीच्या पत्रात मी 'कोणीतरी' असं लिहिलं होतं, तो हात पण माझाच होता.

ती हातानं पाणी पाणी खुणावत होती. रत्नम्मा शटर वाजवायला उठली. मी दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. ती हळू आवाजात म्हणाली, 'अक्का, सोड. ती चालली.' मी सोडलं नाही. बाहेर माझी पोरगी त्या टेबलावर बसली होती. शटर त्या वेळेला उघडलं असतं तर साहेबांच्या डोळ्यांसमोर आधी ती खोटी पडली असती. माझ्या डोक्यात एवढंच होतं. अजून एक लिहिते, जे मी इथं कोणाला बोलले नाही. सरजाबाईचा ठसका थांबला तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, शांत झाली.

मग तिचं डोकं माझ्या मांडीवर एकदम जड झालं.

आम्ही सगळ्यांनी शटर वाजवलं तेव्हा जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ती गेल्यावर अण्णारावांनी कुलूप काढलं. अप्पांनी स्वतः तिला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. खरं ते लिहिते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इथल्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नांदेडला न्यायला सांगितलं. रस्त्यातच संपली. सगळा खर्च अप्पांनी केला. तिच्या मुलाला जवळ घेतलं.

तिसऱ्याच्या विधीनंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना अडतीवर बोलावलं. ओट्यावर आमच्याबरोबर खाली बसले. म्हणाले, 'सरजाबाई आपल्याकडं कामाला कधीच नव्हती. घरच्या चटणीला फुटकी मिरची मागायला आली होती, उन्हानं चक्कर आली. कोणी इचारलं तर एवढंच. तुमच्या पोटाचा विचार करूनच सांगून राहिलो.' मग आम्ही देठ खुडायला लागलो.

कहकशांनं त्या दिवशी इफ्तारला खजूर हातात धरला आणि तशीच बसून राहिली. म्हणाली, 'अम्मी, साहेबांनी मला विचारलं, इथं बायका कामाला नाहीत का. मी नाही म्हणाले.' मी म्हटलं, तुझा काही दोष नाही, खा. आतलं तिला बाहेर ऐकू येत होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता रोज ती कामावर जाते, येते, आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलतो. ईद आठवड्यावर आली आहे. घरात कोणी ईदचं नाव काढत नाही.

सालेहा


धर्माबाद
९ एप्रिल

तनुजाक्का,

तू तक्रार केलीस त्याची चौकशी काल झाली. तू का आली नाहीस ते तुझ्या चिठ्ठीवरून समजलं. भावानं घराबाहेर पडू दिलं नाही ते ठीकच केलं. तुमच्या दारात दोन दिवस कोणाची मोटारसायकल उभी होती ते तुला कळलं नसलं तरी मला कळलं. बजरंग त्या दिवसांत स्टेशनवर नव्हता.

बाजार समितीच्या आवारातल्या खोलीत साहेब बसले होते. अप्पा, अण्णाराव बाजूला. आम्हाला दाराशी बसवून एकेक करून विचारलं. सगळ्या म्हणाल्या, त्या दिवशी आम्ही घरी होतो. रत्नम्मा म्हणाली, मी बासरला माहेरी होते. माझी पाळी आली. मी पण 'घरी' म्हणायचं ठरवूनच गेले होते, तुझ्यापासून काय लपवू.

पण साहेबांनी मला ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, 'सरजाबाई या अडतीवर कधीपासून काम करत होती?'

मी तोंड उघडायच्या आधी अप्पा म्हणाले, 'साहेब, ती बाई इथं कधी कामालाच नव्हती.'

मला तिची बोटं दिसली. तुला आठवतात ना, शेंड्यांची कातडी जाऊन गुळगुळीत झालेली, आधारचा ठसा कधी उमटायचा नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा अप्पांचे वडील गादीवर होते. मी म्हणाले, 'होती, साहेब. आणि त्या दिवशी आम्ही सगळ्या आत होतो. मागच्या गोदामात. बाहेरून कुलूप होतं. ती माझ्या मांडीवर बेशुद्ध पडली.'

अप्पांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. साहेबांना म्हणाले, 'दुःखात माणूस काहीबी बोलतो. हिची सख्खी पोरगीच त्या दिवशी दारात बसली होती. शिकलेली हाय. तिला इचारा की.' पोरगी बाहेर बाकावर होती, त्यांनीच तिला गाडीतून आणलं होतं. तेव्हा मला कळलं की ते तयारीनं आले होते.

कहकशां आत आली. ओढणी नीट घेतली. साहेब म्हणाले, 'मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही म्हणालात इथं बायका नाहीत. तुमची आई म्हणते, त्या आत होत्या. तुम्हाला माहीत होतं?'

मी मधेच बोलले, 'तिला काय माहीत असणार साहेब, शटर बंद होतं. तिला काही ऐकू आलं नाही.'

ती म्हणाली, 'मला ऐकू येत होतं.'

मग माझ्याकडं न बघता, टेबलाकडं बघत, हळू पण स्पष्ट म्हणाली, 'खोकल्याचा आवाज येत होता. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून पंखा मोठा केला. साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून.'

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना आठवलं असावं. त्या दिवशी कागद उडायला लागले म्हणून त्यांनीच हातानं दाबून धरले होते, हे तिनं मला नंतर सांगितलं.

रत्नम्मा दारातून उठून आली. 'मी बी होते साहेब. माहेरी न्हाई गेले.' मग आणखी काही जणी उठल्या. सगळ्या नाही. काही जणी पदराशी चाळा करत बसून राहिल्या, आणि मी त्यांना काही म्हणू शकत नाही.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. अप्पा जाताना दारात थांबले, कहकशांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'शिकलेली पोरं खरं बोलतात. चांगलं हाय.' तिला तो हात झटकता आला नाही, मला पण नाही.

घरी येऊन आम्ही दोघी रडलो नाही. तिनं पंखा बंद केला. कालपासून एवढ्या उकाड्यात तो बंदच आहे.

सालेहा


धर्माबाद
२१ एप्रिल

तनुजाक्का,

हे पत्र कहकशां तुझ्या हातात देईल. तिला मी पाठवून राहिले आहे. नांदेडपर्यंत रत्नम्मा सोबत आहे, तिथून लातूरच्या बसमध्ये ती बसवून देईल. रेल्वेनं नाही, एसटीनं. स्टेशनवर कोण बसतं ते तुला माहीत आहे.

तिला भावाच्या घरी ठेवू नकोस. तुझ्या मेसवर ज्या मुली जेवायला येतात त्यांच्या होस्टेलात जागा बघ. काही विचारू नकोस. ती बोलेल तेव्हा बोलेल.

इथलं सांगते. साहेब गेल्या बुधवारी परत आले आणि आम्हाला ओट्यावर, ढिगांपाशी, उजेडात बसवून नावं लिहून घेतली. ज्या चौकशीत उठल्या नव्हत्या त्या पण येऊन बसल्या. मी साहेबांना म्हणाले, आधी सरजाबाईचं लिहा. ते म्हणाले, 'बाई, गेलेल्या माणसाची नोंद करता येत नाही. तिच्या मृत्यूचं वेगळं चालू आहे.' बरोबर आहे त्यांचं. माझं नाव लिहिलं तेव्हा रत्नम्मानं मला कोपरानं ढोसलं. तू तिथं असायला हवी होतीस, हे मी मनापासून लिहिते. हे तुझं काम होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला काम नाही. अडतीला कुलूप नाही, शटर उघडं आहे, हमाल आहेत, पण मिरची येत नाही. अप्पांचा माल आता सीमेपलीकडं तेलंगणात उतरतो. तिकडच्या गावांतल्या बायका टेम्पोत भरून नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. बाजूच्या अडतीवाल्यांनी पण आमच्यातल्या कोणाला ठेवायचं नाही असं ठरवलंय म्हणे. आम्ही नोंदलेल्या बायका आता ओट्यावर रिकाम्या बसतो. साहेबांना कळवलंय. ते म्हणतात, लेखी द्या, मी बघतो. बघतील, माणूस सरळ आहे. पण ते नांदेडला राहतात आणि आम्ही इथं.

परवा दुपारी अप्पा घरी आले होते. एकटेच. बाजेवर बसले, पाणी मागून घेतलं. घराकडं बघत म्हणाले, 'पत्रे बदलायला झालेत.' मग म्हणाले, 'सालेहाबी, मला तुमचा राग न्हाई. मी तुमच्या जागी असतो तर मी बी तेच बोललो असतो.' उठताना चपला घालत म्हणाले, 'कहकशां कॉलेजला रेल्वे गेटाकडून जाते ना? दुपारचं तिकडं कोणी नसतं. जपून जायला सांगा.' एवढंच. गल्लीतल्या सगळ्यांना नमस्कार करत गेले. शेजारीण मला म्हणाली, एवढा मोठा माणूस तुमच्या घरी आला.

त्याच दिवशी मी तिची पिशवी भरली. ती जायला तयार नव्हती. म्हणाली, 'मग तू?' मी म्हटलं, माझा जबाब व्हायचा आहे. सरजाबाईच्या मृत्यूच्या चौकशीत येत्या सोमवारी मला नांदेडला बोलावलंय, मोठ्या साहेबांसमोर. समितीच्या खोलीत बोललेलं तिथं पुन्हा बोलायचं आहे, शटर, कुलूप, आणि माझा हात, सगळं. माझ्या हाताचं मी चौकशीत सांगितलं नव्हतं. ते सांगितल्यावर माझं काय होईल ते मला माहीत नाही. पण ते वगळून बाकीचं खरं कसं म्हणायचं? मी गेले नाही तर रत्नम्मा एकटी पडते, आणि तिला मराठीत सगळं सांगता येत नाही.

आज सकाळी अण्णाराव निरोप घेऊन आले होते. सोमवारी नांदेडला जायला अप्पा गाडी देतात, बजरंग सोडून आणेल, एवढ्या उन्हात एसटीत कशाला हाल करून घेता. मी हो पण म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही.

मी सकाळच्या एसटीनं जाणार आहे, बिलोलीवरून. हे मी रत्नम्माला सांगितलंय, पंक्चरच्या दुकानात सांगितलंय, आणि तुलाही लिहून ठेवते. अप्पांच्या गाडीत मी आपल्या पायानं बसले असं नंतर कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस.

सालेहा